चिकटवलेली शेवटची पानं

“बाई, हा बुक तुमचा. जमा करून घ्या.”

मुरबाडला आमच्या वाचनालयाच्या दारात मंजीचे वडील उभे होते. वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीतून एसटीने आले होते. हातात फडक्यात बांधलेलं पुस्तक. मी सवयीने विचारलं, “मंजी नाही आली?”

“मंजी नाय ऱ्हायली, बाई. दिवालीच्या सुट्टीत तापात गेली.”

त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा फिरत्या वाचनालयाची ग्रंथपाल होते. फिरतं म्हणजे एक खटारा जीप आणि पत्र्याच्या ट्रंका. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांत जाऊन आम्ही पुस्तकं बदलून द्यायचो. मुलांना रहस्यकथा सोडून दुसरं काही नको असायचं. म्हणून मी त्या कथा वयाप्रमाणे वेगळ्या करून पुठ्ठ्यावर रंगीत पट्ट्या लावल्या. हिरवी लहानांना. त्यात शेळी हरवते, संध्याकाळपर्यंत सापडते. पिवळी मधल्यांना, त्यात चोरी. लाल मोठ्यांना, त्यात खून.

पण कार्टी शेवट आधी वाचायची आणि चोराचं नाव वर्गभर करायची. मग मी शेवटची पानं कडेने भाताच्या खळीने चिकटवायला लागले. चोर कोण ते आधी मला सांगायचं, कारणासकट. मगच पानं उघडायची, तीही माझ्यासमोर. बरोबर निघालं तर वरची पट्टी, नाहीतर पुन्हा तीच. दुसऱ्या मुलाला द्यायच्या आधी मी परत खळ लावायची. उंदरांना ही खळ फार आवडते, हे मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं. आमचे कार्यवाह म्हणायचे, “बाई, हे वाचनालय आहे की सर्कस?” पण पुस्तकं फिरत होती, म्हणून गप्प बसायचे.

मंजी सहावीत होती. लाल पट्टीसाठी हटून बसलेली, पण घाईची. पहिल्या संशयितावरच झडप घालायची आणि चुकायची.

“लालमधी काय असतं, बाई?”

“त्यात माणूस मेलेला असतो. तू लहान आहेस अजून.”

“मंग काय झाला? आमच्या वाडीत मरतात की मानसा.”

मी हसले होते. सुट्टीला घरी जाताना तिला पिवळ्या पट्टीचंच एक पुस्तक दिलं. नदीकाठच्या देवळातली मोठी घंटा चोरीला जाते, अशी गोष्ट. “या खेपेला घाई करू नकोस,” एवढंच बजावलं.

तेच पुस्तक आता टेबलावर होतं. मी मागची बाजू पाहिली. खळ जशीच्या तशी.

“कोनी नाय उघाडला,” वडील म्हणाले. “उंदीर लय. म्हनून तिनंच आढ्याला टांगून ठेवला व्हता.”

पुस्तक जमा झालं, तरी ते जाईनात. फडक्याची घडी करत राहिले.

“बाई, चोर कोन व्हता?”

“मंजी काय म्हणाली होती?”

“होडीवाला. तापात बी आयेला तेच सांगं. घंटा डोक्यावर नेली तं वाजंल. पान्यातून नेली तं नाय वाजायची.” मग पुस्तकाकडे बोट करून म्हणाले, “तिचा बराबर हाय का, बघा ना.”

मला शेवट अर्थातच माहीत होता. पण नियम तिच्यासाठीही होता. फूटपट्टीच्या टोकाने मी हळूहळू पानं सोडवली आणि शेवट त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. होडीवालाच होता. घंटा होडीच्या बुडाला बांधून पाण्याखालून नेली होती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे पास झाली ना ती?”

“झाली.”

“मंग लाल द्या.”

कोण वाचणार, हे ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्यांच्या घरात वाचता येणारी ती एकटीच होती. मी कपाटातलं सगळ्यात चांगलं लाल पट्टीचं पुस्तक काढलं, शेवटची पानं चिकटलेली आहेत ना ते पाहिलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते त्याच फडक्यात बांधलं.

“उंदरांपासून जपतो,” म्हणाले आणि गेले. त्या दिवशी माझ्याकडून दुसरं काही काम झालं नाही. ट्रंकेवर बसून रडले.

वार्षिक मोजणीला कार्यवाहांनी विचारलं, “लाल पट्टीचं एक कमी कसं?”

“वाचकाकडे आहे.”

“इतके दिवस? परत मागवा.”

“अजून वाचून झालेलं नाही, सर.”

पट्ट्या मी पुढेही ठेवल्या, खळही. पण वय विचारणं सोडून दिलं. जो लाल मागेल त्याला लाल देत गेले. पुस्तक कोणत्या वयाला योग्य, हे ग्रंथपालाला ठरवता येतं. समोरच्या मुलाकडे किती वय शिल्लक आहे, ते ठरवता येत नाही.