टेंपोच्या फळ्या

गुलाम रसूल तांडेल,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तरी लिहिते, कारण पूर्णगडात तुमची गोष्ट लोक चुकीची सांगतात. कोणी म्हणतं, नजर लागली. कोणी म्हणतं, फारुक गाडी भरधाव हाणत होता. मेलेल्या मुलावर ढकललं की झालं! शाळेत माझ्या हाताखालून गेलेला मुलगा तो. उतारावर सायकलसुद्धा हातात धरून न्यायचा.

तुमचा बाप तांडेल, आजा तांडेल, सगळे गलबत चालवणारे. कौलं आणि सुकी मासळी भरून तुमचं गलबत मुंबईपर्यंत जायचं. पुढे माल ट्रकने जायला लागला, गलबत बंदरात पडून राहिलं, आणि शेवटी तुम्ही ते सरपणाच्या भावाने दिलंत. मग एकुलता एक फारुक कुवेतला गेला. चौऱ्याऐंशी साली रजेवर आला तेव्हा त्याला परत जायचं नव्हतं आणि तुम्हाला त्याला पाठवायचं नव्हतं. बापलेकांचं एवढं एकमत मी तरी पाहिलेलं नाही.

तोडगा तुम्हीच काढलात. टेंपो घ्यायचा, हर्णेहून सुकी मासळी उचलायची आणि घाटाखालचे आठवड्याचे बाजार करायचे. तुम्ही, ताजबी, फारुक आणि सूनबाई शमीम, सगळ्यांनी एकत्र फिरायचं, रात्री गाडीतच निजायचं. प्रश्न एकच होता, नवा की जुना? नव्याला नंबर लावून बसावं लागे, आणि फारुकचा व्हिसा तुमच्या नंबरासाठी थांबणार नव्हता; तोवर धंदा उभा राहिला नाही, तर त्याला कुवेतला परतावंच लागणार होतं. साखरप्याला एकाचा जुना विकाऊ होता.

माझ्या पडवीत बसून तुम्ही नवराबायको भांडलात.

"दुसऱ्याचा दुखणा इकत घ्यायचा कशाला?" ताजबी म्हणाली.

"मी तरी कुठं नवा हाय? चालवलास ना संसार?"

"म्हणून तर सांगतंय!"

मला हसू आवरेना. तुम्हीही हसलात आणि दुसऱ्या दिवशी साखरप्याला जाऊन टेंपोच्या लाकडी बॉडीवर बोटाने टकटक करून, फळीला कान लावून आलात. गलबत घेताना लावतात तसा.

"सागवान हाय, बाई! नव्यास सगळा पत्रा. पत्र्यात काय माणूस निजता?"

घेतलात. आत गलबतातल्यासारख्या झोपायच्या फळ्या ठोकल्यात. वरची फारुकची, कारण तो उंच.

आणि मग गावात असाल तेव्हा रोज संध्याकाळी टेंपो खाडीवर उतरवून तुम्ही त्याला खाऱ्या पाण्याने आंघोळ घालायला लागलात. वरून बादल्या फारुक मारायचा. खाली स्वतः तुम्ही, चिखलात पाठ टेकून.

"वरून कोण पण धुवील. पोट धुवायला पायजे. बोट पोटान जगता."

"अहो, पण ते लोखंड आहे!" मी म्हटलं. "माझ्या विहिरीचं पाणी न्या."

"गोडा पाणी लाकडास खाता, बाई, आणि खारा पोसता. तुमी कदी गलबत ठेवलाव?"

नव्हतं ठेवलं. लाकडाबद्दल तुमचं शंभर टक्के खरं होतं. पावसाळ्यात गलबत झाकतात तसा तुम्ही टेंपो माडाच्या झापांनी शाकारलात, गोड्या पाण्याचा थेंब लागू दिला नाहीत. मी सांगितलं होतं, असं आज म्हणून मला काडीचं समाधान मिळत नाही.

दोन हंगाम बरे गेले. व्हिसा संपला तेव्हा, फारुक आता जात नाही म्हणून ताजबीने गल्लीत शिरा वाटला.

साखरप्याचा बाजार उरकून येताना नाणिजच्या उतारावर मागचा स्प्रिंगचा पाटा खालच्या लोखंडी चासीपासून सुटला. टेंपो कलंडून खाली गेला. ताजबी आणि शमीम बसने पुढे गेल्या होत्या. तुमचा गुडघा दुखत होता म्हणून फारुकने तुम्हाला मागे आपल्या फळीवर निजवलं होतं. लाकडी खोका जसाच्या तसा राहिला. तुम्हाला खरचटलंसुद्धा नाही. पुढे पत्रा होता, तिथे फारुक होता.

आत्माराम मेस्त्रीने चासीला स्क्रूड्रायव्हर लावला तर लोखंडाचे पापुद्रे हातात आले.

"मिठानं खाल्लान," तो म्हणाला.

मासळीच्या टोपल्या गळतात, त्याचं मीठ, अशी लोकांनी तुमच्यादेखत समजूत काढली. तुम्ही मान हलवलीत.

"मासली वर होती. खाली मी धुतला."

मशिदीतले लोक येऊन अल्लाची मर्जी म्हणाले, तर तुम्ही त्यांच्यावर डाफरलात, "त्याच्यावर कशाला घालताव?" तेव्हापासून तुमच्याकडे येणं कमी झालं माणसांचं. खरं बोलणाऱ्याच्या घरी बसायला कोणाला आवडतं? ताजबी तुमच्याशी बोलेना. पुढ्यात जेवण ठेवायची आणि तोंड फिरवून बसायची. शमीमला माहेरी दाभोळला नेलं. तुम्ही खाडीवर जायचंसुद्धा सोडलंत.

एकदा मात्र माझ्या पायरीशी येऊन उभे राहिलात. टेंपोचा सांगाडा पोलीस चौकीच्या आवारात पडला होता. फारुकच्या फळ्या सोडवून आणायच्या होत्या. अर्ज मी लिहायचा, साहेबाशी मी बोलायचं, पण मालक म्हणून तुम्ही समोर हवेत.

"कशाला हव्यात?" मी विचारलं.

"माज्यावर घालूस."

कबरीत मुर्द्यावर फळ्या घालतात तुमच्यात, एवढं मला ठाऊक होतं. मी रागावले. मग म्हटलं, बरं, ईद झाली की जाऊ. तुम्हीही हो म्हणालात.

ईदच्या आधीच तुम्ही गेलात. तुमच्यावर घातल्या त्या आंब्याच्या. परवा एसटीतून चौकीवरून गेले. मालक नसल्याने त्या फळ्या तिथेच आहेत. वर झाप नाही, काही नाही. पाऊस पडत होता.