टपरीवरून पारावर

त्या दिवसांत देवावरचा विश्वास उडाला होता असं नाही, पण त्याच्याशी बोलायचाही मला कंटाळा आला होता. दर शनिवारी मोशीतल्या आमच्या मारुतीला जायचं, तेल वाहायचं, रुईची माळ घालायची आणि तेच ते गाऱ्हाणं सांगायचं. माझीच जीभ दमली होती. ह्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. सिगारेट सुटली नाही तर पुढची खात्री देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रजेवर घरी होते तोवर ह्यांनी एकदाही ओढली नाही. चाकणच्या कंपनीत पुन्हा रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात शर्टाला वास यायला लागला. वर तोंडात बडीशेप. मी काय दूधखुळी आहे?

शिफ्ट सुटली की हे आणि ह्यांचे चार मित्र कंपनीच्या बसमधून चौकात उतरायचे आणि घरी जायच्या आधी टपरीवर थांबायचे. चहा, गप्पा आणि सिगारेट. एकाने पेटवली की पाकीट आपोआप पाचही जणांत फिरायचं. मी त्यांना चांडाळचौकडी म्हणायचे, ह्यांना ऐकू जाईल असं. पण धड रागावताही येत नव्हतं. आम्ही लातूरकडून इथं आलो तेव्हा ओळखीचं एक कुत्रंसुद्धा नव्हतं. खोली शोधून दिली ती ह्याच चौघांनी. ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेही त्या चौघांनीच. माझ्या माणसाला वाचवणारे तेच आणि मारणारेही तेच, आता काय बोलावं?

मी म्हटलं, उद्यापासून बस नको, गाडीवर जा आणि चौकात न थांबता सरळ घरी या. ह्यांनी बिचाऱ्यांनी ऐकलं. वेळेवर यायचे आणि टीव्ही न लावताच टीव्हीसमोर बसायचे. दोन घास खाऊन ताट सारायचे. एके दिवशी हळूच म्हणाले, "सिगारेट सोडीन गं मी, पण माणसं कशी सोडू? हितं आपलं कोण हाय?" पुढच्या आठवड्यापासून पुन्हा बस आणि पुन्हा टपरी सुरू झाली.

त्यानंतरच्या एका शनिवारी देवळात गेले. एरवी मी मारुतीला सगळं सांगून ठेवायचे. त्या चौघांची दुसऱ्या प्लांटला बदली कर, त्यांच्यात भांडण लाव, काहीही कर, पण त्यांना ह्यांच्यापासून तोड. त्या दिवशी त्यातलं काही तोंडातून निघेना. भिंतीला टेकून बसले आणि एवढंच म्हटलं, "बाबा रे, मला आता काही सुचत नाही. तुझं तू बघ." थोडं रडून घेतलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. मग पदर सावरून बाहेर आले.

बाहेर पिंपळाच्या पारावर पाच जण बसले होते. हे आणि ते चौघं. किसनभाऊ, त्यांच्यातले थोरले, मोशीतल्याच जुन्या घरातले, मला बघून उठले.

"वहिनी, तुमी घरी रागवाल म्हून यानं सांगितलं नसंल. काल टपरीपाशी छातीला हात लावून खाली बसला. दवाखान्यात दावलं तर नुसतं पित्त निघालं, पर आमची पाचावर धारण बसली. याला द्यायची न्हाई आसं कितींदा ठरिवलं, पर आपली पेटवली की पाकिटाचा हात याच्या म्होरं जातोच. मंग म्हनलं, जिथं पेटवताच येत न्हाई तिथंच बसावं. देवाच्या दारात कोन वढनार? आता रोज हितंच."

हे खाली मान घालून बसले होते. किसनभाऊ जरा घुटमळून म्हणाले, "फकस्त चहाची तेवढी पंचाईत हाय."

खरं तर मी तिथंच ह्यांना फैलावर घेणार होते. पण ते घरी गेल्यावर बघू म्हटलं. घाबरले म्हणून शहाणे झाले, असं म्हणणारे म्हणतील. म्हणोत बापडे. मी मागितलं होतं की ही माणसं ह्यांच्यापासून दूर कर, आणि मारुतीने ती पाचही आपल्या दारात आणून बसवली. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नसतं. मी घरी गेले आणि पाच कप चहाचं आधण ठेवलं.

ह्यांची सिगारेट सुटली. मधे एक-दोनदा पाय घसरला, पण स्वतः येऊन सांगितलं. शिफ्ट सुटली की पाराकडे चहाची किटली जाते. काय करायचं ते मी आता देवाला सांगत नाही, नुसतं त्याच्यावर सोपवते. तो माझ्यापेक्षा लांबचं बघतो, एवढं मला उशिरा का होईना कळलं. बाकीचे चौघं अजून बाहेर कुठंतरी ओढतातच, मला माहीत आहे. त्यांच्याही घरी बायका-पोरं आहेत. म्हणून शनिवारी हात जोडले की मी त्या चौघांची नावं आधी घेते, ह्यांचं नंतर.