एकनाथ तोडकराचा अंदाज

ह्यूस्टनच्या मराठी मंडळात एकनाथ तोडकराला नावानं हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला वेधशाळा म्हणत. आभाळ जरा काळवंडलं की त्याचा फोन वाजायचा, "काय वेधशाळा, शनिवारी पिकनिक ठेवू का?" मग हा गडी परसात यायचा, बोट ओलं करून वर धरायचा आणि काहीतरी ठोकून द्यायचा. मिरजेकडं त्याचा बाप असंच वारं बघायचा. बापाचं निम्मं खरं व्हायचं आणि निम्मं लोक विसरून जायचे.

एकनाथ एका केमिकल कारखान्यात पाइपा तपासायचा. घर ह्यूस्टनलगतच्या सीब्रुकला, खाडीच्या पाण्यापासून चार गल्ल्या अलीकडं. घरात बायको लता आणि दम्यानं पोखरलेली आई, हौसाबाई.

वेधशाळा हे नाव पडलं ते दोन हजार पाच साली, रिटा वादळात. कॅटरिनानं न्यू ऑर्लिन्स बुडवलेलं लोकांच्या डोळ्यांपुढं ताजं होतं. रिटा येतंय म्हटल्यावर अख्खं ह्यूस्टन एकाच वेळी रस्त्यावर उतरलं आणि तिथंच थिजलं. वरनं ऊन भाजत होतं, खालनं डांबर. पेट्रोल पुरवायचं म्हणून एसी बंद. हौसाबाईच्या छातीतनं भाता फाटल्यासारखा आवाज यायला लागला. लतानं प्यायचं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. वाटेवरचे पंप कोरडे ठाक पडलेले. पेट्रोलचा काटा तळाला चालला, तसं एकनाथनं गाडी वळवून उलट्या, मोकळ्या बाजूला घातली.

"आरं, मागं कुठं? वादळाच्या तोंडात?" हौसाबाई कशीबशी बोलली.

"वारं फिरलंय आये. त्ये आता पूरबंला जातंय," एकनाथनं सांगितलं.

वारंबिरं काही त्यानं बघितलं नव्हतं. म्हातारी मरायचीच असली तर रस्त्यावर नको, तिच्या अंथरुणात मरू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. पण रिटा खरोखरच पूर्वेला सरकलं आणि सीब्रुकवरचं संकट टळलं. मग काय! हळदीकुंकवात, देवळातल्या प्रसादाच्या रांगेत, मिरजेला फोनवर, म्हातारीचं एकच पालुपद, "माझ्या पोराला वारं कळतंय." खरी गोष्ट एकट्या लताला माहीत होती.

दोन हजार आठच्या सप्टेंबरात घरात दहा दिवसांचा गणपती बसलेला असताना आइक नावाचं वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरलं. सीब्रुक खाली करा असा हुकूम निघाला. लतानं कपडे, औषधं, कागदपत्रं बांधून दाराशी ठेवली. हौसाबाई मात्र गणपतीपुढं पाय पसरून बसली.

"आत्याबाई, उठा बघू," लता म्हणाली.

"चतुर्दशी आईतवारी हाय. घरात द्येव असताना दाराला कुलूप लावू? त्यो काय भाडेकरू हाय? आन त्या रस्त्यावर मला न्यायचं न्हाई. त्यापरास हितंच गळा दाबा माझा. एकनाथ, तू वारं बघून ये."

एकनाथ परसात गेला. वारं उत्तरेचं होतं, जमिनीकडनं पाण्याकडं जाणारं. बाप म्हणायचा, वारं ज्या अंगाचं, पाणी त्याच्या उलट्या अंगाला. म्हणजे खाडीचं पाणी बाहेर ढकललं जाणार. त्याला रिटाचा रस्ता आठवला, आईचे निळे पडलेले ओठ आठवले, आणि जे ऐकायला बरं वाटतं तेच त्याला पटलं.

"वादळ फिरंल," घरात येऊन तो म्हणाला. लतानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात मनोहरचा फोन आला. मनोहर नागपूरचा, पलीकडच्या गल्लीत राहायचा. "भाऊ, काय म्हणते तुमचं वारं? बायको डोकं खाऊन राहिली माझं. निघू का बसू?"

"बस घरात," एकनाथच्या तोंडून निघून गेलं.

शुक्रवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. वारं तेच, उत्तरेचं. वादळ अजून लांब समुद्रात. एकनाथ चहाचा कप घेऊन दारात आला आणि तिथंच थबकला. गल्लीच्या टोकाला पाणी चमकत होतं. पाऊस तर पडला नव्हता. रस्त्याकडंच्या गटाराच्या जाळीतनं पाणी बुडबुडत वर येत होतं आणि त्यात बोटभर मासे तडफडत होते. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

बापाच्या हिशेबानं हे पाणी इथं असायलाच नको होतं. वाऱ्याच्या तोंडावर चढत ते येत होतं, काही घाई नसल्यासारखं. बापाला वारं कळायचं, पण बापानं जन्मात समुद्र बघितला नव्हता. आणि त्या बापाच्या भरवशावर ह्यानं दोन घरं धरून ठेवली होती.

त्यानं तिथनंच मनोहरला फोन लावला. "नीघ. आत्ता."

"अरे भाऊ, काल तर तुम्ही..."

"काल मला काय बी कळत नव्हतं. आज बी कळत न्हाई. पोरं गाडीत घाल आन नीघ!"

पलीकडनं मनोहरनं एक सणसणीत शिवी हासडली. मग बायकोला मारलेली हाक ऐकू आली आणि फोन बंद झाला.

एकनाथ घरात आला तो सरळ गणपतीकडं. "आये, हळद-कुंकू वाहून घे. बाप्पा निघालं."

"आज? दोन दिस आधी? डोकं फिरलं का तुझं?"

त्यानं म्हातारीचा दंड धरून तिला दारात आणलं. पाणी आता शेजारच्या टपालपेटीच्या खांबाला लागलं होतं. हौसाबाईनं ते बघितलं आणि तिचा हात आपसूक छातीवर गेला. ती माघारी फिरली, गणपतीपुढं हळद-कुंकू वाहिलं, मूर्ती जागची हलवली. आरतीच्या तिनं दोनच ओळी म्हटल्या. तिसऱ्या ओळीला धाप लागली.

एकनाथ मूर्ती घेऊन पाण्यात उतरला. पाणी घोट्याला आलं, मग नडगीला. पायांना काहीतरी गिळगिळीत घासून गेलं. "पुढल्या वर्षी लवकर या" म्हणायचंही राहून गेलं. त्यानं मूर्ती खाली सोडली आणि मागं न बघता पळत आला.

लतानं गाडी चालू करून ठेवली होती. म्हातारीला पुढं बसवून, दम्याचा पंप हातात देऊन एकनाथनं गाडी काढली. कोपऱ्यावर चाकं अर्धी बुडाली, इंजिन खोकलं. गाडी कशीबशी उंचवट्यावर चढली. मोठ्या रस्त्यावर गाड्या होत्या, पण हलत होत्या. पुढं थिजल्या तर? आरशात मागची गल्ली दिसत होती. तिथं आता रस्ता कुठला आणि खाडी कुठली ते ओळखू येत नव्हतं.

हौसाबाईनं पंप ओढला. "एकनाथ, खरं सांग. काय हुईल?"

"मला ठाव न्हाई आये."

आजवर हे त्याच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"मग हळू कशाला चालवतोस?" ती म्हणाली. "हाण की."

एकनाथनं पाय दाबला. उत्तरेचं वारं समोरनं काचेवर आपटत होतं, पण त्यावरनं अंदाज ठोकायची आता एकनाथची छाती होत नव्हती.