पोळ्याला सुटलेले कॉम्प्युटर

गोदामात धान्य साठलं की त्याला कीड लागते, किस्से साठले की त्यांना चव येते! शेलूबाजारात माझा गवती चहाचं तेल काढायचा लहानसा कारखाना. केमिकल इंजिनिअर असलेली केतकी सून होऊन आली आणि किश्श्यांचा साठा वाढतच गेला.

तेलाच्या टाकीला वाफेसाठी नवं भोक पाडायचं होतं. जागा चुकली तर हंगामभर तेल करपट. केतकी म्हणाली, भोक कुठं हवं ते आधी कॉम्प्युटरवर करून बघू. एका कॉम्प्युटरला दिवाळी उजाडली असती, आणि मिस्त्रीला तिनं बोलावलेलं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी! म्हणून तिनं बंद पडलेल्या सायबर कॅफेतले बारा कॉम्प्युटर आणून गोदामात वायरींनी जोडले, काम वाटून दिलं.

शेजारचे अडते पाहायला आले. म्हणाले, "एका टाकीसाठी बारा जण? माह्या लग्नात पोरगी पाहाले एवढे नव्हते गेले."

कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर फार रेंगाळायचा, वर हात लावला की झटका द्यायचा. बाकीचे त्याच्यासाठी थांबून राहतात, असं केतकीनं सांगितलं. आमची सौ. लगेच म्हणाली, "समजलं. सारे जीपमंदी बसले, अन् तुये सासरे आरशापुढं."

गोदाम राखणाऱ्या नामदेवभाऊंना मी माझ्या परीनं समजावलं: एकाच वावरात बारा बैल जुंपले, म्हणून काम लवकर होते. त्यांनी मान डोलावली. मी खूश!

पोळ्याला केतकी गोदामात गेली तर सगळं चिडीचूप. बाराही बंद. प्रत्येकाला हळद-तूप लावलेलं, गळ्यात माळ, पुढ्यात पुरणपोळी.

"नामदेवकाका, काम अर्धं राहिलं ना!"

"पोळ्याच्या दिवशी खांद्यावर जू ठेवत नाही, सूनबाई."

केतकी रडायच्या बेतात. तिनं मिस्त्रीला फोन लावला, एक दिवस उशिरा या म्हणून विनवायला. मिस्त्रीच नाराज झाला. "मॅडम, उद्या पोळ्याची कर. करीच्या दिवशी कोणी औजाराले हात लावते काय? मी परवाच येतो."

झालेलं काम कॉम्प्युटरमध्ये जपलेलं होतं. ते संध्याकाळी पुन्हा सुरू केलं, नामदेवभाऊंना विचारून. मिस्त्री आला त्या सकाळी उत्तर हातात होतं. भोक पडलं, पहिली धार निघाली, सगळ्यांनी वास घेतला. करपट नव्हतं!

मिस्त्री कौतुकानं कॉम्प्युटरांकडे वळला. "कोणत्या कंपनीचे हायेत?"

"गावरान हायेत," नामदेवभाऊ म्हणाले. "तेवढं कोपऱ्यातल्याजवळ नोका जाऊ. मारका हाय."