आत्याचा अदृश्य ब्रेक

आत्या गाडी चालवायला शिकवायची. वर्षानुवर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आणि आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर भिस्त ठेवून ती इतकी निर्धास्त झाली होती, की भीती कशाशी खातात हेच विसरली. घरी तसा ब्रेक नव्हता. ते काम तिच्या भावजयीकडे होतं.

रविवारी आत्या भावाकडे यायची आणि भाचीला घेऊन स्वयंपाकघराचा ताबा घ्यायची. फुगे, मेणबत्त्या, सोडा, व्हिनेगर. तिचा नियम एकच: प्रयोगाला स्वतः हात लावायचा नाही, सगळं पोरीने करायचं. पोरीने जास्त ओतलं की आत्याचा उजवा पाय नुसता फरशीवर दाबला जायचा.

मागच्या खेपेला साबणाचा फेस जिन्यावरून खाली उतरला होता. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाईंनी तेव्हाच बजावलं, "आता वरून एक थेंब जरी आला, तरी खोल्या रिकाम्या करा." भावजयीची झोप उडाली होती. एवढं हवेशीर घर, आणि पोरीची शाळा हाकेच्या अंतरावर!

"ताई, आज कोरडं काहीतरी करा हं," ती काकुळतीला आली.

"अगं, पाणी बादलीतून बादलीतच जाणार," आत्या म्हणाली. "आहे काय त्यात!"

एक बादली स्टुलावर, एक खाली, मध्ये रबरी नळी. पाणी वळण चढून आपोआप कसं उतरतं ते दिसावं म्हणून पाण्यात मूठभर हळद. पोरीने नळी भरून घेतली, एक टोक वरच्या बादलीत बुडवलं आणि दुसऱ्या टोकावर बोट दाबून गॅलरीत आली. "आत्या, ही आणखी लांब जाते बघ!" म्हणत तिने नळीचं टोक कठड्याबाहेर सोडलं.

आत्याचा पाय फरशीवर धाडकन आपटला, पण पाणी थांबलं नाही.

खाली मालकीणबाईंची पांढरीशुभ्र चादर वाळत होती.

थोड्या वेळाने दार बडवलं गेलं. मालकीणबाई ओली चादर घेऊन उभ्या. "पिवळा डाग पडला म्हणून साबण लावला, तर हे बघा, रक्तासारखं लाल! काय चाललंय काय तुमच्या घरात? सामान बांधा!"

भावजय भिंतीला टेकली. पोर आत्याच्या मागे लपली.

"लिंबू आण गं," आत्या पोरीला म्हणाली. "आणि पीळ."

लालभडक डागावर रस पडला आणि डाग पुन्हा पिवळा झाला. मालकीणबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी मुकाट्याने साबणाची वडी मागितली आणि स्वतः घासली. लाल. लिंबू मागितलं. पिवळा. पुन्हा लाल, पुन्हा पिवळा. भावजयीची लिंबं संपली.

"मजा पुरे," त्या भानावर आल्या. "डाग आहेच की! तो कोण काढणार?"

"ऊन," आत्या म्हणाली. "ओली करून गच्चीवर पसरा. हळद उन्हात टिकत नाही."

"मला शेंडी लावताय?"

"संध्याकाळी बघा. डाग दिसला तर आम्ही निघालो." आत्याने परस्पर घर पणाला लावलेलं पाहून भावजयीने कपाळावर हात मारला.

दुपारभर ती आभाळाकडे बघत बसली. एखादा ढग सरकला की ती गच्चीच्या जिन्यापर्यंत जाऊन यायची. संध्याकाळी सगळे गच्चीवर गेले. चादर लख्ख पांढरी! फक्त मधोमध एक वाटोळा, पिवळाधमक डाग.

भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकीणबाई मात्र घसा खाकरत राहिल्या. त्यांच्या हातात डब्याचं झाकण होतं.

"हे काय?" आत्याने विचारलं.

"ठेवलं होतं त्यावर," त्या पुटपुटल्या. "म्हटलं, बघू तरी, उन्हानेच जातो की तुम्ही बाता मारताय."

"मग हा डाग कुणाचा धरायचा?"

मालकीणबाईंनी चादर उचलली. चादरीची घडी घालता घालता त्या पोरीला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी खाली अंगणातच करा काय ते. नळ आहे तिथे. आणि ती नळी मी धरणार."

खुशीतल्या भावजयीचा उजवा पाय मात्र गच्चीच्या फरशीवर आपोआप दाबला गेला.