काळ्या शाईतली माणसं

रोहिणी गेल्याचा फोन आला तेव्हा आमची कंपनीची बस निघोजे गावाच्या अलीकडे होती. मी उतरले, हजेरी लावली, कामाला लागले... रडायचंही त्राण नव्हतं. त्याला आता तीन आठवडे झाले.

रोहिणी आमच्या कंपनीत जपानी भाषेची दुभाषी होती. मूळची लातूरकडची, थेरगावात आईबरोबर राहायची. दिवसभर एकाचा राग दुसऱ्याच्या भाषेत सांगून थकायची आणि दुपारी डबा खाताना मोबाइलवर जुनी जपानी चित्रं बघत बसायची. लाकडावर कोरून नुसत्या काळ्या शाईनं छापलेली, रंगीत छपाई येण्याआधीची. त्यांत शहरातली साधी माणसं असायची... केस विंचरणारी बाई, मासेवाला, पुलावर टेकलेला हमाल. "बघ गं, हा डांगे चौकातलाच वाटतो ना?" म्हणायची. एकदा म्हणाली, "कोरताना एक रेघ उडाली, की माणसाचा चेहराच बदलतो."

गेल्या वर्षी पार्टची एक बॅच खराब निघाली. जपानी साहेबांनी लाइनवरच्या शंकरला बोलावलं. तो म्हणाला, "मशीन बिघडलंय म्हणून मी दोनदा सांगितलं व्हतं. कुणी ऐकलं न्हाई." आमचे मॅनेजर रोहिणीला मराठीत म्हणाले, "मॅडम, एवढं नका सांगू. 'चूक झाली म्हणतोय' म्हणा, बास." तिनं साहेबांना शंकरचं बोलणं जसंच्या तसं जपानीत सांगितलं, आणि मॅनेजरचंही.

लाइनवरच्या तक्रारी मी लिहून घ्यायचे; शंकरच्या दोन्ही तक्रारी माझ्याच रजिस्टरमध्ये होत्या. मी तिथंच बसले होते... गप्प.

शंकरची नोकरी टिकली. रोहिणीचं कॉन्ट्रॅक्ट मात्र पुढं वाढलं नाही. ती घरी शिकवण्या घेऊ लागली, नंतर किडनीचं दुखणं निघालं. मी दोनदा भेटायला गेले, पण त्या दिवसाचा विषय काढला नाही. "काही नाही गं, दमलेय नुसती," एवढंच ती म्हणाली.

परवा तिच्या आईकडे गेले आणि रजिस्टरचं, माझ्या गप्प बसण्याचं एकदाचं सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, "ठावं होतं तिला. तुझ्याबद्दल म्हणायची, 'तिची दोन लेकरं हायत आई, तिला काही बोलू नको.'"

मला मान वर करवेना. काकूंनी खिडकीपाशी ठेवलेली, रोहिणी शिकवायला बसायची ती खुर्ची पुढं ओढली. "बस की."

मी खालीच बसले. थोड्या वेळानं काकूही माझ्याशेजारी येऊन बसल्या.