हामानचं नाव आलं की

परगावी नोकरी केली की किस्से फ्रिजमधल्या उरलेल्या भाज्यांसारखे साठत जातात. जयपूरच्या सी-स्कीममधल्या आमच्या ऑफिसात मराठी माणसं तिघंच: मी, नागपूरचा निखिल आणि अलिबागची रिबेका. त्यातले निम्मे किस्से रिबेकाच्या पुरीमचे.

*

रिबेका ज्यू. पुरीम या सणाची रजा मागितली की मॅनेजर शेखावतजी हटकायचेच. "पिछले साल तो दूसरी तारीख थी?"

"सर, चांद से चलता है. होली कौन-सी एक तारीख को आती है?"

रजा मंजूर झाली.

*

निखिलने कुठंतरी वाचलं की तटबंदीच्या शहरात पुरीम एक दिवस उशिरा असतो. "जयपूरला तट आहे. तू उद्या कर ना!"

रिबेकाने बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "तट हजारो वर्षांपूर्वीचा लागतो, यहोशवाच्या काळचा. तुमचं जयपूर कालचं पोर. आणि तू तर राहतेस प्रताप नगरात, तटाच्या बाहेर."



*

आता यंदाचं. हे सांगताना मला अजून धडकी भरते.

धर्म कळल्यावर रिबेकाला दोन घरमालकांनी खोली नाकारली होती. म्हणून प्रताप नगरच्या घरमालकीण आंटीजींना ती "हम मराठी हैं" एवढंच म्हणाली. पुरीमच्या आदल्या दिवशी तिचा उपास. नेमक्या आंटीजी चहा घेऊन वर आल्या. "कौन-सा व्रत है?"

"मन्नत का है, आंटीजी."

मग आम्हाला म्हणाली, "खोटं बोलले रे. राणी एस्तेरही राजवाड्यात अशीच धर्म लपवून राहिली होती."

*

त्याच दिवशी सूर्य मावळल्यावर पुरीम लागला. आम्ही तिघं रिबेकाच्या खोलीत जमलो आणि तिच्या बाबांनी व्हिडिओ कॉलवर एस्तेरची गोष्ट वाचायला घेतली. सगळ्या ज्यूंना मारायला निघालेल्या हामानचं नाव आलं की ते बुडेल एवढा गोंगाट करायचा, अशी रीत. खाली आंटीजी, म्हणून आम्ही उशीवर चमचे आपटत होतो. निखिलला कसला धीर धरवतोय? त्याने थाळीच बडवली.

जिन्यावर पावलं वाजली. रिबेकाने चमचा उशीखाली सरकवला.

"यह क्या चल रहा है?" आंटीजी दारात उभ्या होत्या.

मी 'बर्थडे' म्हणायला तोंड उघडलं. रिबेकाने मला हातानेच थांबवलं.

"आंटीजी, मैं यहूदी हूँ. आज हमारा पुरीम है. कमरा चला जाएगा, इस डर से छुपाया."

"और यह शोर?"

तिने हामानचं सगळं सांगितलं. आंटीजी वळून खाली गेल्या. निखिल कपाळाला हात लावून बसला. रिबेका कपाटावरच्या बॅगेकडे बघत होती. फोनवर बाबा वाचतच होते.

आंटीजी परत वर आल्या. हातात पितळेची परात आणि लाटणं. मांडी घालून आमच्यात बसल्या.

"नाम आए तो इशारा कर देना."